‘दोन दिवस’मधील शब्दांचा हिशोब



वसंत व्याख्यानमालेत कवितेवर बोलायचे ते पंडितांनी, अशी एक समजूत आहे. आम्ही पंडित नाही. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. परंतु मागणीपत्रके लिहिण्यात उमर गेल्यामुळे एक सवय अंगवळणी पडली आहे, ती शब्द पारखून घेण्याची. ‘विनंती’ लिहायचे की ‘मागणी’, ‘बक्षीस’ म्हणायचे की ‘बोनस’, ‘राजीनामा दिला’ म्हणायचे की ‘राजीनामा घेतला’, यावर कित्येकदा एखाद्या घरची चूल अवलंबून असते. तीच सवय घेऊन आज एका कवितेकडे पाहावे, असा आमचा बेत आहे.

कविता नारायण सुर्वे यांची. नाव ‘दोन दिवस’. ती शाळेच्या पाठ्यपुस्तकांतही आलेली आहे, तेव्हा तुमच्यापैकी पुष्कळांना ती पाठ असेल. म्हणून तिच्या ओळी आम्ही म्हणून दाखवीत नाही. निवडक शब्द तेवढे हातात घेतो. सुर्वे यांचा जन्म १९२६ चा. आईबापांचा पत्ता नसलेल्या या मुलाला गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणीकामगाराने घरी आणले आणि आपले नाव दिले. पुढे त्यांनी नाना कामे केली, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक झाले. १९६२ साली ‘ऐसा गा मी ब्रह्म’ हा त्यांचा पहिला संग्रह निघाला, १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’. १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०१० साली ते गेले.

आता या कवितेचेच शब्द का पारखायचे, ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक कारखाना बंद झाला. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. हिशेबाचे पाकीट हाती देण्याआधी निरोपाचा छोटासा समारंभ झाला आणि एका अधिकाऱ्याने ही कविता वाचली. वाचली उत्तम. शेवटी ते म्हणाले, “दुःखच माणसाला घडविते. तुम्ही या भट्टीत पोलाद झाला आहात.” टाळ्या पडल्या. काहींनी डोळे पुसले. बाहेर चहाच्या टपरीवर लोहारशाळेतले एक वृद्ध कामगार आम्हांला म्हणाले, “भाऊ, कविता खरी आहे. पण साहेबांनी मधला एक शब्द गिळला. गहाण. गहाण म्हटले की सावकार आला. तो कोण?”

त्या वेळी आम्हांला उत्तर देता आले नाही. आज आम्ही जे बोलतो आहोत ते त्यांना दिलेले उशिराचे उत्तर आहे, असे समजा.

आरंभ करू आकड्यांपासून. कविता दोन आणि दोन दिवस मांडते, म्हणजे चार. मराठीत आयुष्य नेहमीच चार दिवसांचे असते. सासूचे चार, सुनेचे चार. उर्दूत बहादुरशहा जफर याच्या नावाने सांगितला जाणारा एक प्रसिद्ध शेर आहे. त्यातही आयुष्य चारच दिवसांचे आहे, आणि त्यांतले दोन इच्छेत व दोन प्रतीक्षेत सरतात. ‘दोन दिवस’ वाचताना तो शेर आठवल्यावाचून राहत नाही. पण फरक पाहा. सुर्व्यांच्या कवितेत वाट पाहणे तसेच राहिले, इच्छेच्या जागी मात्र दुःख आले. इच्छा करीत बसायलाही थोडी सवड लागते. ती बादशहाला मिळते. चाळीतल्या माणसाला मिळत नाही. एवढ्या एका अदलाबदलीने शायरीतली हळहळ कामगाराची जमाखर्चाची वही झाली. आणि ‘हिशोब’ हा शब्द तर कवितेत आरंभीच येतो. हा माणूस रडत नाही, मोजतो आहे. पगाराच्या दिवशी खिडकीसमोर उभे राहून खाडे, उचल आणि दंड वजा करणारा माणूस जसा मोजतो, तसा.

मोजतो काय? तर ‘उन्हाळे’. मराठी माणूस वय पावसाळ्यांत मोजतो. “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत,” असे आपले वडील म्हणत. पावसाळा हे शेतकऱ्याचे माप. त्यात पीक आहे, आशा आहे. कवीने ते माप टाकून उन्हाळा घेतला, आणि तोही डोक्यावर ठेवला. ‘डोईवर’ हा बोजा वाहणाऱ्याचा शब्द. ऊन डोक्यावर असते हे खरेच, पण ‘डोईवर’ म्हटले की त्या उन्हाला वजन येते. घाटावरून आणि कोकणातून मुंबईच्या गिरणीत आलेल्या माणसाचा पावसाळ्याशी असलेला संबंध तुटला. राहिला तो उन्हाळा. एका शब्दाच्या बदलात हे सारे स्थलांतर येऊन गेले आहे.

पुढे चंद्र येतो, चांदणे येते. ही भावगीतांची मिळकत. कवी तिला नाकारीत नाही, तिची टवाळीही करीत नाही. तो फक्त त्या चंद्राशेजारी भाकरी ठेवतो. पोळी नव्हे, अन्न नव्हे, भाकरी. भाकरी हाताने थापली जाते, गोल असते, आणि तिच्यावर चंद्रासारखेच डाग पडतात. म्हणून ही उपमा ओढूनताणून आणलेली वाटत नाही. तव्यावरून उतरलेली वाटते. इथेच ‘जिंदगी’, ‘बरबाद’, ‘हरघडी’, ‘दुनिया’ हे शब्द भेटतात. शुद्ध मराठीच्या कैवाऱ्यांना ते खटकतील. पण गिरणगावात साच्यावर एका बाजूला साताऱ्याचा माणूस, तर दुसऱ्या बाजूला उत्तरेकडचा. त्यांची समाईक बोली या शब्दांनी बनली. ‘आयुष्य वाया गेले’ हे वाक्य एकट्याचे आहे. ‘जिंदगी’ म्हटले की शेजारच्या खात्यातलाही मान वर करून पाहतो.

आणि याच कवितेत, ‘दुनिया’ या शब्दापासून काही पावलांवर, ‘अगा’ उभा आहे. हा ज्ञानेश्वरीतला, वारकऱ्याच्या तोंडातला शब्द. गिरणगावात लाल बावट्याची सभा होती, तशीच भजनी मंडळेही होती, आणि दोन्हीकडे पुष्कळदा तीच माणसे होती. जग आपल्यात सामावल्याचा अनुभव सांगायला कवीला संतांचाच उद्गार हवासा वाटला. दुनियेचा विचार करता करता माणूस आपल्यापुरता उरत नाही. आमच्या चळवळीच्या भाषेत त्याला एकजूट म्हणतात. कवीचा शब्द आमच्या शब्दापेक्षा जुना आहे आणि, कबूल केले पाहिजे, अधिक ऊबदारही आहे.

आता ‘गहाण’. हात हेच सर्वस्व असणारा माणूस ते हात विकले असे म्हणत नाही. विकलेली वस्तू गेली. गहाण वस्तू मात्र आपलीच राहते, दुसऱ्याच्या ताब्यात असते इतकेच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण ठेवणाऱ्याला कर्ज फेडून आपली वस्तू सोडवून घेण्याचा हक्क दिलेला आहे. हा कायदा जमिनीचा आणि घराचा. हातांची नोंद कोणत्याच दस्तात नसते. पण शब्द आपला हक्क बरोबर घेऊन येतो. शिवाय हा माणूस हात गहाण ‘ठेवले’ असेही म्हणत नाही. ते तसे ‘राहिले’ म्हणतो. त्याने अंगठा उठविलेला नाही. जन्मला तेव्हापासून ते गहाणच आहेत. कुणाकडे, तर दारिद्र्याकडे. कवीने दारिद्र्याला सावकार केले आहे. दारिद्र्य ही दैवगती असती, तर तिच्याकडे वस्तू गहाण पडली नसती. दैवाशी देणेघेणे होत नाही. जिथे गहाण आहे तिथे व्याज आहे, आणि जिथे व्याज आहे तिथे ते खाणारा कुणीतरी असतो. वृद्ध मित्राच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या शब्दातच आहे.

त्याच हातांबद्दल ‘कलम’ हा शब्द येतो. उंच झालेले हात कधी कलम झालेलेही दिसले. कलम होणे म्हणजे छाटले जाणे. पण मराठीत कलम म्हणजे लेखणी, कलम म्हणजे कायद्याचा परिच्छेद, आणि कोकणात कलम म्हणजे आंब्याचेही. संघटनेच्या माणसाला हा शब्द ऐकताच १४४ आठवते. २०२४ पासून नव्या संहितेत त्याचा क्रमांक १६३ झाला, पण जमाव पूर्वीसारखाच पांगतो. वर उठलेला हात आणि त्यावर लागलेले कलम, हा आमचा रोजचा अनुभव. एवढे अर्थ पोटात घेणारा शब्द कवीच्या हाताशी होता, आणि तो त्याने नेमका हातांसाठीच वापरला.

‘पेलणे’ हा आणखी एक शब्द. दुःखाबरोबर आपण सहसा ‘सोसणे’ वापरतो. सोसताना माणूस मुकाट असतो. पेलताना त्याला पाय रोवावे लागतात, कंबर सांभाळावी लागते. बाजारसमितीतल्या माथाड्याला विचारा. पोते पाठीवर घेणे ही शक्ती आहेच, पण त्याहून अधिक ती विद्या आहे. आणि भरलेले पोते कुणी एकटा आपल्या पाठीवर चढवीत नाही. दोघे उचलून देतात, तेव्हा तिसरा पेलतो. कवीने ही विद्या ‘शाळे’त शिकल्याचे सांगितले आहे. खऱ्या शाळेत ज्याने घंटा दिली, त्याने हा शब्द वापरला, हे विसरू नये. त्यात शाळेची हेटाळणी नाही. आपणही शिकलेले आहोत, हा दावा आहे.

आता त्या भट्टीकडे येऊ, कारण अधिकाऱ्याने जोर दिला तो तिच्यावर. लोहारशाळेतल्या आमच्या मित्राची इथे एक तांत्रिक हरकत होती. “भाऊ, झोतभट्टीत पोलाद शेकत नाही. तिथे धातुपाषाण, कोक आणि चुनखडी घालतात, खालून तापलेल्या हवेचा झोत सोडतात, आणि निघते ते बीड, ठिसूळ. त्यातला कार्बन काढावा तेव्हा पोलाद.” हरकत बरोबर आहे. पण १९५९ साली भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, आणि त्या काळात ‘पोलाद’ व ‘झोतभट्टी’ हे शब्द देशाच्या नव्या उभारणीचे म्हणून घरोघर पोहोचले. कवीने ते खात्याच्या माहितीपुस्तकातून घेतलेले नाहीत, त्या हवेतून घेतले आहेत.

खरा प्रश्न क्रियापदाचा आहे. आयुष्य जळले, होरपळले, करपले, असे म्हणता आले असते. कवी म्हणतो ‘शेकले’. शेक बाळंतिणीला देतात, दुखऱ्या गुडघ्याला देतात. थंडीत शेकोटीभोवती माणसे शेकत बसतात. भाकरीही शेकतात. ही माणसाच्या कामी येणारी आच आहे. पण मराठीत एखादी गोष्ट अंगावरही शेकते, आणि ते काही सुखाचे नसते. त्यातच जोडीला ‘छान’. आपल्या बोलीत ‘छान!’ हा शाबासकीचाही उद्गार आहे आणि उपरोधाचाही. पाकीट मारले गेले की आपण म्हणतो, “छान झाले!” तेव्हा त्या ओळीत दोन आवाज एकत्र ऐकू येतात. एक म्हणतो, या आचेने मी तयार झालो. दुसरा म्हणतो, काय सुंदर सोय केली होती माझी! यांतला कुठलाही एक आवाज काढून टाकला, तर कविता मोडते.

त्या समारंभात नेमके हेच झाले. अधिकाऱ्याने एक आवाज ठेवला, दुसरा पुसला, आणि ‘गहाण’ गिळला. उरला तो सुविचार. सुविचार वाईट नसतो, पण तो कुणाच्या तोंडी आहे ते पाहावे लागते. ‘छान’ हा शब्द ज्याने शेक घेतला त्याच्याच तोंडी शोभतो. ज्याच्या हाती भट्टीचा भाता होता त्याच्या तोंडी तो शोभत नाही. आईने सांगावे, “उपाशी राहून तुम्हांला वाढविले, पण दिवस चांगले होते.” ते तिने सांगावे. तिची मजुरी बुडविणाऱ्याने सांगू नये.

आमच्याही हातून हा दोष घडला आहे, हे सांगितल्याशिवाय बसणे योग्य नव्हे. लांबलेल्या संपात, घरोघर उपासमार दिसत असताना, सभेत टाळी मिळते म्हणून आम्हीही पोलादाची उपमा दिली आहे. शब्द तोच, चूकही तीच. तेव्हापासून कष्टांचे कौतुक करणारे वाक्य जिभेवर आले की आम्ही स्वतःला विचारतो, आच कुणाला लागली, आणि बोलतो आहे कोण?

कविता शेवटी आपल्या पहिल्याच वाक्यावर परत येते. विजयाची घोषणा नाही, सुखाचे दिवस आल्याची बातमी नाही. हिशोब होता तेवढाच आहे. बदलला आहे तो हिशोब सांगणाऱ्याचा आवाज. आरंभी तो मोजत होता. शेवटी, मधले सारे पेलून झाल्यावर, तीच बेरीज तो ताठ उभा राहून सांगतो. संकटावर मात करणे म्हणजे संकट नाहीसे होणे, असे ही कविता म्हणत नाही. आपल्या हिशोबाची वही आपल्या हाती असणे आणि तिच्यातले शब्द आपले असणे, एवढेच ती म्हणते.

त्या वृद्ध मित्राला पुढे गाठले, तेव्हा आमचे हे सारे विवेचन आम्ही त्यांना ऐकविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे सोडवून घ्यायचे राहिलेच की, भाऊ?”

राहिले आहे.