लशीवरचा आळ

सहा महिन्यांचे सुदृढ, हसरे मूल. लस टोचून आणली त्याच रात्री त्याला ताप भरतो, आकडी येते आणि ती अर्धा-अर्धा तास थांबत नाही. पुढे ताप आला की आकडी, ऊन पाण्याने अंघोळ घातली की आकडी, असा क्रम सुरू होतो. दुसऱ्या वर्षात चालणे-बोलणे रेंगाळू लागते. अशा घरात सारा दोष लशीच्या माथी यावा, आणि मुलाला टोचायला नेणाऱ्या आईने जन्मभर स्वतःस अपराधी मानावे, यात नवल ते काय?

हा आळ समाजाला किती महाग पडतो, हे इंग्लंडने अनुभवले आहे. डांग्या खोकल्याच्या लशीनंतर मेंदूचे विकार जडलेल्या ३६ मुलांची हकीकत १९७४ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. ही लस घेणाऱ्या बालकांचे प्रमाण शेकडा ८० च्या आसपास होते. ते काही वर्षांतच ३० च्या घरात उतरले, आणि डांग्या खोकल्याच्या साथी पुन्हा उसळल्या.

याच सुमारास, १९७८ मध्ये, फ्रान्समधील डॉक्टर शार्लोट द्रावे यांनी या अपस्माराचे वेगळेपण नोंदविले. त्याचे कारण उमगायला मात्र २००१ साल उजाडावे लागले. बेल्जियममधील संशोधकांनी तपासलेल्या सातही रोग्यांच्या एकाच जनुकात बिघाड आढळला. मज्जापेशींत सोडियमचे विद्युत्भारित कण आत घेणारी जी सूक्ष्म दारे असतात, त्यांचा आराखडा या जनुकात असतो. इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींचीच दारे अधू झाली, की मेंदूचा लगाम सुटतो. ‘कुळात कोणाला फेफरे होते का?’ हा प्रश्न अशा वेळी सुनेच्या माहेरापर्यंत पोहोचतो. परंतु त्या सातांपैकी एकाच्याही आईबापांत हा बिघाड नव्हता. तो त्या मुलांतच नव्याने उद्भवला होता.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील सॅम्युएल बर्कोविक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, लशीने मेंदू बिघडला असे मानल्या गेलेल्या १४ रोग्यांची जनुके तपासली. त्यांतील ११ जणांत हाच दोष निघाला. लशीच्या तापाने पहिली आकडी थोडी आधी आणली असेल. रोगाचे बीज मात्र जन्मापूर्वीच पडलेले होते.

या निदानाने उपचारही बदलतो. कार्बामाझेपीनसारखी नेहमीची औषधे सोडियमची हीच दारे अडवितात, त्यामुळे या मुलांच्या आकड्या वाढू शकतात. ती टाळून व्हॅल्प्रोएटसारखी औषधे दिली जातात. आकड्या त्याने कमी होतात, पण सहसा पूर्ण थांबत नाहीत. आणि मागे पडलेली बोली व चाल औषधाने भरून निघत नाही.