आठ मिनिटांनी येणारा पहिला शब्द

(मंडळाच्या गप्पांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'आवडतं संगीत' या विषयावर थोडक्यात बोला, असा फोन आला तेव्हा मी लगेच हो म्हणालो. फोन करणाऱ्या वहिनींना वाटलं, मी भीमसेनजींवर किंवा किशोरीताईंवर बोलणार. मी बोलणार आहे रॉकवर. घाबरू नका, धांगडधिंगा नाही! उलट आमच्या घरात या प्रकाराला 'बाबांची झोपेची गाणी' म्हणतात.

रॉकमध्ये एक असा प्रकार आहे की ज्यात गाण्याला कुठे पोचायची घाईच नसते. आधी वातावरण तयार होतं, मग हळूच सूर येतात. आपल्याकडे आलाप ऐकताना समेची घाई कोण करतो? तसंच हे. सुटं गाणं ऐकून उपयोग नाही, अख्खा अल्बम ऐकायचा.

लंडनच्या 'टॉक टॉक' या बँडचा १९८८चा 'स्पिरिट ऑफ ईडन' घ्या. पूर्वी चर्चचा हॉल असलेल्या एका स्टुडिओत, जवळजवळ अंधार करून, वादकांकडून तासन् तास वाजवून घेतलं आणि त्यातलं बहुतेक सगळं टाकून दिलं. जे उरलं त्यात सुरांइतकीच शांतता आहे.

दुसरा अल्बम माझ्या मुलीने आणला. आइसलंडच्या 'सिगुर रोस'चा, २००२ सालचा. नावाच्या जागी नुसते दोन कंस! आतल्या पुस्तिकेची पानं कोरी, आणि बोल म्हणाल तर कुठल्याच भाषेतले नाहीत. मुलगी म्हणाली, "बाबा, यातलं तुला काही कळणार नाही. पण काळजी करू नकोस, कुणालाच कळत नाही." मी म्हटलं, "अगं, आमच्याकडे याला तराणा म्हणतात!" त्या अल्बमच्या मधोमध ३६ सेकंद काहीच वाजत नाही. पहिल्यांदा मला वाटलं, सीडी बिघडली.

पण मला खरं बोलायचंय ते पिंक फ्लॉइडच्या 'विश यू वेअर हिअर'बद्दल. १९७५चा अल्बम. सुरुवातीला जो धूसर नाद येतो, त्यात ओल्या बोटाने काचेच्या ग्लासांच्या कडा घासून काढलेला आवाज आहे. जलतरंगाचाच लांबचा भाऊ म्हणा. चार मिनिटांच्या सुमारास डेव्हिड गिल्मरच्या गिटारचे चार स्वर येतात. आणि पहिला शब्द? तो यायला आठ मिनिटांहून जास्त वेळ लागतो!

हे सगळं एका गेलेल्या मित्रासाठी आहे. गेलेल्या म्हणजे मेलेल्या नव्हे. सिड बॅरेट हा या बँडच्या संस्थापकांपैकी एक. त्याच्या मनाचा तोल ढळत गेला आणि १९६८ साली तो बँडमधून बाहेर पडला. जून १९७५मध्ये याच अल्बमचं काम चालू असताना एक जाडसर, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस स्टुडिओत येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखलंच नाही. तो सिड होता.

ही कॅसेट मला पुण्याच्या होस्टेलवर १९८७ साली माझ्या रूमपार्टनरने दिली. तो सांगलीचा. नव्वद मिनिटांची कॅसेट. एका बाजूला हा अल्बम, बरोब्बर मावलेला, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या वडिलांनी भरलेले भीमसेनजींचे अभंग. आमच्यात सगळ्यात हुशार तो. तिसऱ्या वर्षी मात्र बोलेनासा झाला, लेक्चरला येईनासा झाला. एक दिवस त्याचे वडील येऊन त्याला घेऊन गेले. 'घरी काहीतरी प्रॉब्लेम आहे' असं आम्ही एकमेकांना सांगितलं आणि परीक्षेच्या अभ्यासाला लागलो. पत्र कुणीच टाकलं नाही. मीही नाही. कॅसेट मात्र माझ्याबरोबर इंग्लंडला आली.

पुढे नोकरीमुळे मी काही वर्षं केंब्रिजला होतो. सिड तेव्हा त्याच गावात चित्रं काढत, बाग सांभाळत एकटा राहायचा. २००६ साली तिथेच वारला. चाहते त्याच्या दारापर्यंत जायचे आणि त्याला ते नको असायचं. मी कधी गेलो नाही, ते बरोबरच केलं. पण सांगलीच्या ज्या दारात मी जायला हवं होतं, तिथेही गेलो नाही.

२०११ साली सांगलीला एका लग्नाला गेलो होतो. जेवणाच्या हॉलच्या दाराशी एक पांढऱ्या केसांचा, स्थूल माणूस उभा होता. माझ्याकडे बघत होता. मी त्याला विचारलं, "हात कुठे धुवायचे हो?" त्याने बोट दाखवलं. जेवण झाल्यावर यजमान म्हणाले, "भेटलास का रे? तुझा रूमपार्टनर, मुद्दाम तुझ्यासाठी आला होता." तोवर तो निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी गेलो. भावाकडे राहतो, औषधं चालू आहेत. मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो, तर म्हणाला, "कॅसेट तुझ्याकडेच आहे ना?"

पुढच्या खेपेला ती घेऊन गेलो. त्याच्या वहिनींनी माळ्यावरून टेपरेकॉर्डर काढून दिला. चव्वेचाळीस मिनिटं आम्ही एक शब्द बोललो नाही. बाजू संपली, तेव्हा त्याने स्वतः उठून कॅसेट उलटली आणि अभंग लावले.

आता मी दर दिवाळीला त्याला फोन करतो. तो फारसं बोलत नाही. पूर्वी असं झालं की मी 'बरं, ठेवू का?' म्हणायचो. हल्ली थांबतो. कधी कधी आठ मिनिटांनी शब्द येतो.

तुमच्याही वहीत असा एखादा नंबर असेल. यंदा फराळाच्या आधी तो फिरवा. आणि हो, लगेच ठेवू नका.