वाचलेला वेळ गेला कुठे?

(श्री भैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात दुसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



प्रथम श्री भैरवनाथाच्या चरणी मस्तक ठेवतो. समितीने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा मी नकोच म्हणालो होतो. मी काही वक्ता नव्हे, की कीर्तनकार नव्हे. शिक्षण म्हणाल तर एस. एस. सी., आणि गेली वीस-बावीस वर्षे तहसील कचेरीत कारकुनी. कारकुनाला एकच गोष्ट येते, ती म्हणजे हिशेब मांडणे. मंदिराच्या पैशाचा हिशेब खजिनदारांनी मघाशी वाचून दाखविला. त्यात पै-पैचा मेळ बसला, ही आपल्या गावाला अभिमानाची गोष्ट आहे. मी जो हिशेब मांडणार आहे तो वेळेचा आहे. आणि सांगायला खेद वाटतो, की त्याचा मेळ बसत नाही.

आधी जमेची बाजू पाहू. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, की पूर्वी सातबाऱ्याचा उतारा काढायचा म्हणजे काय दिव्य होते. सकाळची पहिली एस. टी. धरायची, दुपारची भाकरी फडक्यात बांधून घ्यायची, तालुक्याला जाऊन अर्ज द्यायचा आणि नंबर येईपर्यंत लिंबाखाली बसायचे. काम झाले तर संध्याकाळच्या गाडीने परत, नाही झाले तर दुसरा हेलपाटा. आज डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मोबाईलवर मिळतो. ही सोय २०१८ साली सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढून स्वतःच नोंद करू लागला. विजेचे बिल, गॅसची टाकी, बँकेतली शिल्लक, एस. टी.चे आरक्षण, सगळे बसल्या जागी होते. या देवळाचेच पाहा. मुंबईच्या मंडळींची वर्गणी गोळा करायला पूर्वी दोन माणसे आठ-आठ दिवस चाळीचाळीतून फिरायची. यावेळी पुष्कळशी वर्गणी मोबाईलवरूनच जमली आणि पावत्याही मोबाईलवरच गेल्या.

तेव्हा मोबाईल वाईट आहे असे म्हणायला मी उभा राहिलेलो नाही. तसे म्हणालो तर तो कृतघ्नपणा होईल. माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक घराचे महिन्याकाठी दोन-तीन दिवस वाचले असतील, तर ते कुठेतरी दिसायला हवेत. देवळात बसणाऱ्यांची संख्या वाढायला हवी होती. पारावर गर्दी व्हायला हवी होती. आजारी माणसाला भेटायला जाणारे वाढायला हवे होते. पण आपण उलटेच बोलतो. ज्याला विचारावे तो म्हणतो, "वेळच मिळत नाही हो." मग हा वाचलेला वेळ गेला कुठे?

दुसऱ्याचे काढण्यापूर्वी मी माझाच हिशेब तपासला. मोबाईलमध्येच एक सोय असते. आपण दिवसात किती वेळ त्याच्याकडे पाहिले याची मिनिटामिनिटाची नोंद त्यात असते. मुलाने ती मला उघडून दाखविली. माझी रोजची सरासरी निघाली चार तास. मला वाटले, यंत्राची चूक असेल. आठ दिवस रोज तपासले. चूक यंत्राची नव्हती. चार तासांनी वर्षाचे १४६० तास होतात, म्हणजे रात्रंदिवस धरून साठ दिवस. वर्षातले दोन महिने मी मोबाईलला दिले आणि त्याची पावती माझ्याकडे नाही. आमच्या कचेरीत एवढी तफावत निघाली असती तर मला खुलासा द्यावा लागला असता. आज मी तो खुलासा नाथसाहेबांपुढे आणि तुमच्यापुढे देतो आहे.

खुलासा असा. समितीने स्मरणिकेतील मंदिराच्या इतिहासाचे पान लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले होते. ते पान तुम्ही वाचाल तेव्हा तुमच्या ध्यानात येईल, की त्यात दीपमाळेविषयी दोनच ओळी आहेत. १९७२ च्या दुष्काळात ती पुन्हा बांधली, एवढेच मला लिहिता आले. ज्या साली गावात प्यायला पाणी नव्हते, माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती, त्या साली गावाने दीपमाळ का बांधली? दगड कुठून आणले, कोणाच्या गाड्या होत्या, वरचा दगड चढवताना कोणाचा हात चेमटला? हे सगळे आमच्या आप्पांना माहीत होते. ते तेव्हा ऐन पंचविशीत होते आणि त्या कामावर राबलेले होते.

मी आईला विचारले, "आई, आप्पांनी तुला काही सांगितले होते का?" ती म्हणाली, "मला कशाला? तुलाच सांगत हुते की चारदा. तू व्हय व्हय म्हणत हुतास."

आई खोटे बोलत नव्हती. मला ती संध्याकाळ आठवते. मी कचेरीतून येऊन ओट्यावर टेकलो होतो. आप्पा पलीकडे घोंगडीवर बसले होते आणि दीपमाळेचेच काहीतरी सांगत होते. मध्येच ते म्हणाले, "ऐकतुयास न्हवं?" मी म्हणालो, "व्हय आप्पा, बोला की." माझा अंगठा मोबाईलवर चालूच होता. थोड्या वेळाने ते बोलायचे थांबले. ते कधी थांबले हेसुद्धा मला कळले नाही. आप्पा २०२३ च्या कार्तिकात गेले. माझ्या मोबाईलमध्ये आज हजारोंनी फोटो आहेत, व्हिडिओ आहेत, सकाळच्या शुभेच्छांची फुले आहेत. आप्पांचा आवाज त्यात नाही. आणि त्या संध्याकाळी मी मोबाईलमध्ये काय पाहत होतो, तेही मला आज आठवत नाही.

मंडळी, चोर पैसे नेतो तेव्हा निदान काय गेले ते तरी कळते.

आता कोणी म्हणेल, करमणूक काय पूर्वी नव्हती? होती. रामानंद सागरांचे 'रामायण' दूरदर्शनवर जानेवारी १९८७ मध्ये सुरू झाले, तेव्हा मी अगदी लहान होतो. आपल्या गावात टी. व्ही. असलेली घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. रविवारी सकाळी निम्मे गाव एका सोप्यात दाटीवाटीने बसायचे. बाया पडद्याला हळदकुंकू वाहायच्या. पण ते संपायचे! संपले की माणसे उठायची, बाहेर येऊन त्यावरच बोलायची आणि शेताला जायची. पुढचे पाहायला आठ दिवस थांबावे लागे. कीर्तन संपते, तमाशा संपतो, कुस्त्यांचा फड संपतो, वर्तमानपत्राचे शेवटचे पान येते. माणसाला उठण्याची जागा असते.

मोबाईलमध्ये ती जागाच ठेवलेली नाही. हे आपोआप झालेले नाही, ते मुद्दाम केलेले आहे. पूर्वी संगणकावरही पान संपायचे आणि पुढचे पान पाहायला बटण दाबावे लागे. २००६ साली अमेरिकेतील अझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञाने अशी युक्ती काढली, की पान संपायच्या आधीच खाली नवीन मजकूर आपोआप यावा. पुढे त्याच माणसाने या युक्तीबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा आली, इंटरनेट स्वस्त झाले आणि ते वाडीवस्तीवर पोहोचले. २०२० साली टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि अभ्यासासाठी म्हणून मुलांच्या हातात मोबाईल आपणच दिला. त्याच वर्षी जुलै महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्या देशात रील सुरू केले आणि सप्टेंबरात यू-ट्यूबने शॉर्ट्स आणले. म्हणजे पोरे घरात कोंडलेली, मोबाईल हातात आणि समोर हे न संपणारे ताट. शाळा उघडल्या, पण ताट काही उचलले गेले नाही.

शिवाय हे सगळे फुकट कसे, हा प्रश्न आपल्याला पडायला हवा. ते फुकट नाही. तिथे जाहिराती विकल्या जातात. आपण जितका वेळ पाहत राहू तितक्या जाहिराती जास्त आणि तितकी कंपनीची कमाई जास्त. म्हणजे बाजारात विकला जाणारा माल आपलाच वेळ आहे. सरकारने सोयी केल्या, यंत्राने काम हलके केले, वेळ वाचवला आपण आणि तो खाल्ला तिसऱ्यानेच. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही आपल्या म्हाताऱ्यांची म्हण मला फार वेळा आठवते.

मग उपाय काय? मोबाईल विहिरीत टाकायचा का? तसे करून चालणार नाही. पण आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने एक वाट दाखविली. तेथील ग्रामसभेने ऑगस्ट २०२२ मध्ये असे ठरविले, की रोज सायंकाळी सात वाजता गावच्या देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला की घरोघरचे टी. व्ही. आणि मोबाईल बंद. साडेआठला भोंगा पुन्हा वाजेल, तोपर्यंत मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, एकमेकांशी बोलावे. सुरुवातीला लोक हसले, म्हणे असे कुठे होत असते का? पण गावातल्या माणसांनी घरोघर फिरून लोकांना समजावले आणि ते घडले. परदेशातल्या वृत्तसंस्थांनीसुद्धा त्याची दखल घेतली. सांगायचा मुद्दा असा, की ज्याला मोबाईल एकट्याने खाली ठेवता येत नाही, त्याला तो गावाबरोबर ठेवता येतो. मी घरात एकट्याने पुष्कळदा निश्चय केला आणि तो पुष्कळदा मोडला. एकट्याचा उपवास मोडतो, पण एकादशी अख्ख्या गावाची असली की सहज निभते.

आपल्याकडे तर भोंग्याचीही गरज नाही. या देवळाला नवी घंटा आली आहे. सायंकाळच्या आरतीची वेळ ठरलेली आहे. माझी समितीला आणि ग्रामस्थांना हात जोडून विनंती आहे, की आरतीच्या घंटेपासून एक तास मोबाईल घरच्या कोनाड्यात राहावा. आजारीपाजारी, अडचण, मुंबईचा फोन, याला अर्थातच सूट. पण एरवी तो तास या सभामंडपाचा असावा. जीर्णोद्धारात आपण मंडप पूर्वीच्या दुपटीने मोठा बांधला. तो वर्षातून सप्ताहाला आणि यात्रेला दोनदाच भरणार असेल, तर फरशी घातली काय आणि न घातली काय! दगडाचा जीर्णोद्धार झाला, आता त्यात बसणाऱ्या माणसांचा व्हायला हवा.

आणि त्या तासात काय करायचे, तेही सांगतो. मी एक दोनशे पानी वही आणली आहे. ती आजपासून देवळाच्या कपाटात राहील. आपल्या गावात ऐंशी वर्षांपुढची चौदा माणसे आज हयात आहेत. मी यादी केली आहे. रोज एकाने सांगायचे आणि शाळेतल्या एका मुलाने किंवा मुलीने लिहून घ्यायचे. विहिरी कोणी खणल्या, साथ आली तेव्हा काय केले, कोणत्या वाड्यात कोणाचे लग्न लागले, जात्यावर काय म्हणायच्या, दीपमाळ का बांधली. ज्याला वाटेल त्याने त्यांचा आवाज मोबाईलवर भरूनही घ्यावा, त्या कामाला मोबाईल जरूर आणावा. तो त्याचा खरा उपयोग. फक्त एक पथ्य पाळावे. समोरचे माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे पाहावे.

बालमित्रांनो, तुम्हाला रागे भरण्याचा मला अधिकार नाही. तुम्ही मोबाईल आमच्याकडे पाहूनच शिकलात. पण आज घरी गेल्यावर एवढे करा. आजीला किंवा आजोबांना एक प्रश्न विचारा आणि त्यांचे उत्तर संपेपर्यंत तिथून उठू नका. उत्तर लांबेल. मध्येच ते भलतीकडे जाईल, एकच गोष्ट दोनदा येईल. येऊ द्या. त्या लांबलेल्या उत्तरातच तुमच्या गावाचे पान असते. माझ्या वाट्याचे पान कोरे राहिले, तुमचे राहू नये.

स्मरणिकेत दीपमाळेच्या त्या दोन ओळींखाली मी समितीला सांगून थोडी जागा मोकळी सोडायला लावली आहे. ज्याला काही आठवत असेल त्याने मला सांगावे. मी कचेरीतून साडेसहाला येतो. मी ऐकेन.

  

नाथसाहेबाच्या नावानं चांगभलं!

जय हिंद, जय महाराष्ट्र.