घरच्या मशीनवर हाय-वेस्ट शॉर्ट्स
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात, महिला व युवतींच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहीजणी हसल्या आणि दोन-तीन कपाळांना आठ्या पडल्या, तेही मला इथून दिसलं. रौप्यमहोत्सवात हाफ पँटवर भाषण! पण माझ्याकडे शिवायला येणाऱ्या पोरी आजकाल हेच विचारतात आणि त्यांच्या आया दुसऱ्या दिवशी हळूच येऊन सांगतात, 'एवढी आखूड नका करू.' म्हणून म्हटलं, दोघींसमोर एकदाच बोलावं.

आधी कापडाचं सांगते. डेनिम आपल्याला वाटतं तितकं परकं नाही. इंग्रजीत जाड निळ्या कापडाच्या पँटला डंगरी म्हणतात. तो शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला. तिथलं जाडंभरडं सुती कापड सतराव्या शतकापासून इंग्रज व्यापाऱ्यांच्या नोंदींत आहे. इंडिगो म्हणजे नीळ, त्या नावातच इंडिया आहे. आणि कापूस तर आपल्या दारातला! गेवराई, माजलगाव, वडवणीकडच्या रानात बायका कंबर वाकवून वेचतात तोच. जीन्सच्या खिशाला तांब्याचे रिव्हेट असतात ना, तीही एका शिंप्याची युक्ती. अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याकडे एका मजुराची बायको आली आणि नवऱ्यासाठी न फाटणारी पँट मागू लागली. त्यानं खिशाच्या कोपऱ्यांना रिव्हेट ठोकले. पुढं लेव्ही स्ट्रॉस या कापड व्यापाऱ्यासोबत 20 मे 1873 रोजी त्याचं पेटंट घेतलं. म्हणजे हा कपडा मुळात फॅशनचा नाही, कष्टाचा आहे.

आता शिवण्याचं. डेनिममध्ये उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, म्हणून ते आतून फिकट दिसतं. निळीचा रंग धाग्याच्या वरवरच बसतो, त्यामुळं तो धुण्यात जातो. कापड आणलं की आधी वेगळं धुवून वाळवा. आटायचं ते कापण्याआधीच आटू द्या. घरच्या मशीनला आठ ते दहा औंसाचं डेनिम झेपतं. पन्हा 58 इंच असेल तर बहुतेकींना एक मीटर पुरतं. सुई 16 नंबरची लावा. टीप जरा लांब ठेवा. बेल्ट आणि बाजूची शिवण जिथं एकत्र येतात तिथं चार-सहा पदर होतात. ती जागा खलबत्त्याच्या बत्त्यानं हलके ठोकून चपटी करा आणि मशीनचं चाक हातानं फिरवा. मोटार किंवा पायडल दामटलं की सुई मोडलीच.

हाय-वेस्टचं सगळं गणित मापात आहे. एका बाजूला वाका, जिथं घडी पडते ती खरी कंबर. तिथं दोरी बांधा. मग कठीण स्टुलावर ताठ बसा आणि बाजूनं दोरीपासून स्टुलापर्यंत माप घ्या. त्यात पाऊण ते एक इंच मिळवा. हे तुमचं आसन. पाठीमागचं आसन पुढच्यापेक्षा जास्त लागतं, नाहीतर बसलं की पँट खाली ओढते. पहिल्यांदा जुन्या चादरीची कापून घालून बघा, डेनिमला नंतर कात्री लावा.

बायका दुकानातल्या आरशासमोर म्हणतात, 'माझं शरीरच बेढब, मला जीन्स बसत नाही.' कुणाची कंबर 28 आणि सीट 38 असते. तयार पँट सीटला बसली की कंबरेमागं हात जाईल एवढी फट राहते. तो दोष त्या पँटच्या मापाचा आहे, शरीराचा नाही. मागच्या योकमध्ये ती जागा काढून घ्या आणि बेल्ट सरळ पट्टीचा न करता गोलाईत कापा. फट जाते. बाळंतपणानंतर पोट सुटलेल्या एका वहिनीला अशी पँट बसली तेव्हा तिनं सगळ्यात आधी खिशात हात घातले. आपल्या कपड्यांना खिसे कुठं असतात?

नवीन कापड नको असेल तर घरातल्या पुरुषाची जुनी जीन्स घ्या. ती गुडघ्यावर विरते, वरचा भाग धडधाकट असतो. पुरुषांच्या पँटचं आसनही बहुधा उंच असतं. मागची शिवण उसवून कंबर आत घ्या आणि खालच्या दुमडीसाठी दोन इंच माया ठेवून पाय कापा. उरलेल्या पायांची पिशवी होते. आजी, वाकळीला लावलं तर ठिगळ वर्षानुवर्षं हलणार नाही.

आता उंचीचा वाद. पोरींनो, बीडच्या मे महिन्यात घरात काय घालायचं हे तुम्हाला कळतं. आयांनो, तुमची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जिन्यात कोण काय बोलतं ते मीही ऐकते. पण बोलणाऱ्यांनी आपली जीभ आवरावी, आपण पोरीचं माप त्यांना विचारून घेऊ नये. तयार शॉर्ट्स घरी येते तेव्हा भांडणाला दोनच बाजू असतात, घाल किंवा घालू नको. कापड टेबलावर पसरलेलं असतं तेव्हा आईच्या हातात खडू असतो आणि मुलीच्या हातात टेप. गुडघ्यापासून तीन इंच की सहा, हे दोघी उभ्या राहून ठरवतात. आधी लांब ठेवा. कमी करणं पाच मिनिटांचं काम आहे, कापलेलं जोडता येत नाही. माझ्या टेबलावर अशा कितीतरी मायलेकी भांडल्या आणि बोलत बोलत घरी गेल्या.

आपल्या सोसायटीत कितीतरी घरांत शिवणयंत्रं आहेत. बहुतेकांवर कव्हर आहे आणि कव्हरावर इस्त्रीचे कपडे. माझी समितीला विनंती आहे, शनिवारी दुपारी दोन तास सभागृह द्या. मशीनला तेल घालण्यापासून मी शिकवते, फी नको. पोरांनीही यावं, चेन बसवणं त्यांनाही यायला हवं. येताना एक जुनी जीन्स, जुनी चादर आणि आपलं खरं माप घेऊन या.