ऊसतोडीचा हंगाम, मुलांची शाळा आणि पालकांचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांतून आणि शेजारच्या पाथर्डी-शेवगाव भागातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे आणि सीमेपलीकडील कर्नाटकाच्या दिशेने निघतात. त्या परततात मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे शालेय वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग या कुटुंबांचा मुक्काम कारखान्याच्या तळावर किंवा उसाच्या फडालगतच्या कोपीत असतो. त्यांच्याबरोबर जाणारी मुले शिकतात काय आणि राबतात किती, हा प्रश्न महाराष्ट्रातील बालमजुरीच्या चर्चेत अनेकदा पुढे आला आहे. परंतु मुलांना बरोबर नेण्याचा निर्णय घेणारे पालक त्याकडे कसे पाहतात, याचा विचार त्या मानाने थोडा झाला आहे. पालक अडाणी आहेत म्हणून मुले कामाला लागतात, असे समजून प्रबोधनाच्या सभा भरवणे सोपे असते आणि खर्चही फार येत नाही, हे त्यामागील एक कारण असावे.

पालकांचे मत समजून घ्यायचे तर आधी मजुरीची पद्धत समजून घ्यावी लागते. ऊसतोडीत मजुरीचे एकक व्यक्ती नसून जोडपे असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. कारखाना आणि मजूर यांच्यामध्ये मुकादम असतो, जो हंगामापूर्वी प्रत्येक कोयत्याला रोख आगाऊ रक्कम देतो. या रकमेला ‘उचल’ म्हणतात. पावसाळ्यात घेतलेली ही उचल घराची डागडुजी, लग्न, दवाखाना आणि जुनी देणी यांतच बहुधा संपून जाते व हंगामभर तोडलेल्या टनांच्या हिशेबाने ती फेडायची असते. टन कमी भरले तर बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि कुटुंब त्याच मुकादमाशी बांधले जाते. वेठबिगारी पद्धतीचे उच्चाटन करणारा कायदा १९७६ पासून अस्तित्वात असूनही उचलीचा हा व्यवहार गावोगाव उघडपणे चालतो, याकडे येथे केवळ निर्देश करून पुढे जाणे भाग आहे.

मजुरी टनावर असल्यामुळे कोयत्याला मिळालेला प्रत्येक जादा हात उचल फेडण्याच्या कामी येतो. दहा-बारा वर्षांचे मूल सहसा ऊस तोडत नाही; ते पाचट बाजूला सारते, मोळीसाठी ऊस ओढून देते, बैलांना पाणी दाखवते आणि वाढे गोळा करते. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, जो जनावरांचा चारा म्हणून आसपासच्या दूधवाल्या शेतकऱ्यांना विकला जातो. उसाच्या मजुरीतून उचल वळती होत राहते, तर वाढ्याचे पैसे त्याच दिवशी हातात पडतात आणि त्यांतून मीठ-मिरची, तेल आणि आठवड्याचा बाजार होतो. याचा अर्थ असा की, ज्या उत्पन्नावर घराची रोजची चूल चालते त्या उत्पन्नात मुलांच्या हातांचा वाटा असतो, आणि तरीही ते मूल कामावर आहे असे कोणत्याही कागदावर नोंदलेले नसते.

पालकही त्याला काम म्हणत नाहीत. मूल हाताखाली येते, घराला हातभार लावते, अशी त्यांची समजूत असते आणि तीत लपवाछपवी नसते. दुसऱ्याच्या दारात किंवा हॉटेलात मूल ठेवणे त्यांनाही कमीपणाचे वाटते. आईबापांच्या नजरेसमोर त्याने चार कामे करणे मात्र वळणाचा भाग मानला जातो. या समजुतीचा परिणाम सरकारी मोजणीवरही होतो. २०११ च्या जनगणनेत भारतातील ५ ते १४ या वयोगटातील सुमारे १ कोटी मुले काम करणारी म्हणून नोंदली गेली. ही नोंद घरातील मोठ्या माणसाने दिलेल्या उत्तरावर आधारलेली असते, आणि ज्या बापाला वाढे गोळा करणे हे कामच वाटत नाही तो ते सांगण्याची शक्यता कमी. शिवाय जनगणनेच्या व्याख्येत विनामोबदला शेतीकाम हे काम ठरते, पण पाणी भरणे, स्वयंपाक करणे आणि धाकटे भावंड सांभाळणे ही घरकामे ठरून बाहेर राहतात. जनगणना फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गाळप हंगामात झाली होती; तरीही कोपीत तान्ह्या भावाला घेऊन बसलेली नऊ वर्षांची मुलगी त्या आकड्यांत येत नाही.

कायद्यानेही या समजुतीला काही अंशी मान्यता दिली आहे. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि १४ ते १८ या वयोगटाला धोकादायक कामांतून वगळले. मात्र शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीत मुलाने धोकादायक नसलेल्या कामात स्वतःच्या कुटुंबाला मदत करण्याची मुभा ठेवली. ही मुभा देताना गावात शाळा आहे, मूल तेथे जाते आणि संध्याकाळी घरच्या कामाला हात लावते, असे चित्र गृहीत धरलेले दिसते. फडावर शाळाच नसेल तर शाळेनंतरची वेळ कोणती, याचे उत्तर या तरतुदीत सापडत नाही. त्यातच मूल कोणी कामावर ठेवले असा प्रश्न निघाला की कारखाना मुकादमाकडे, मुकादम आईबापांकडे बोट दाखवतो आणि आईबापांना पहिल्या वेळी शिक्षा करू नये असे कायदाच सांगतो. शिक्षा न करणे योग्यच आहे. पण अशा रीतीने जबाबदारी कोणाच्याही पदरात पडत नाही.

बालमजुरीच्या कारणांविषयी अभ्यासकांत जुना मतभेद आहे. मायरन वायनर यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, भारतात बालमजुरी टिकून राहण्याचे मुख्य कारण गरिबी नसून, हाताने काम करणाऱ्यांच्या मुलांनी हातानेच काम करावे ही सुशिक्षित आणि अधिकारी वर्गाची खोलवर रुजलेली धारणा होय. याउलट कौशिक बसू आणि फाम होआंग व्हान या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये दोन गृहीतके मांडली. पहिल्यानुसार मुलाला कामाशिवाय ठेवणे ही गरीब घराच्या दृष्टीने चैन असते आणि प्रौढांचे उत्पन्न एका मर्यादेच्या वर गेले की पालक आपण होऊन मुलाला कामावरून काढतात. दुसऱ्यानुसार मुलाचे श्रम प्रौढाच्या श्रमांची जागा घेतात, म्हणून मुले बाजारातून हटली तर प्रौढांची मजुरी वाढू शकते. ऊसतोडीत पहिले गृहीतक चपखल बसते. दुसरे मात्र अर्धेच लागू पडते, कारण तोडणीचा टनामागचा दर साखर कारखाना संघ आणि मजूर संघटना यांच्या करारातून ठरतो व मुले फडावरून निघून गेल्याने तो आपोआप वाढत नाही. त्यामुळे आपले मूल शाळेत ठेवणाऱ्या कुटुंबाला त्याचा तोटा एकट्यानेच सोसावा लागतो.

शिक्षणाविषयीची अनास्था हे कारण तर फारच कमकुवत ठरते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्रोब’ या प्राथमिक शिक्षणविषयक पाहणीत उत्तर भारतातील ९८ टक्के पालकांनी मुलग्यांचे आणि ८९ टक्के पालकांनी मुलींचे शिक्षण महत्त्वाचे असल्याचे म्हटले होते, आणि त्यांत शिक्षणात मागास समजली जाणारी राज्ये होती. तत्कालीन आंध्र प्रदेशातील रंगारेड्डी जिल्ह्यात शांता सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली एम. व्ही. फाउंडेशनने १९९० च्या दशकात केलेल्या कामातूनही हेच पुढे आले. शाळेबाहेरचे प्रत्येक मूल बालकामगारच आहे अशी व्याख्या त्या संस्थेने स्वीकारली, कामावरून सुटलेल्या मुलांसाठी निवासी शिबिरे चालवून त्यांना वयानुरूप वर्गात बसवण्याची तयारी करून घेतली आणि गावातील पालकांनाच या मोहिमेत सहभागी केले. ऊसतोड मजुरांच्या बाबतीतही, आपल्या हातातला कोयता मुलाच्या हाती येऊ नये, ही इच्छा सार्वत्रिक आहे. पालकांना शंका असते ती शाळेच्या फळाची. दहावी-बारावी होऊनही त्याच टोळीत सामील झालेले तरुण त्यांना दिसतात आणि शिकून नोकरी कुठे लागते, हा त्यांचा प्रश्न अज्ञानातून आलेला नसतो.

महाराष्ट्राला ही गुंतागुंत नवी नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढील निवेदनात, शेतकरी कुटुंबांना गुरे राखण्यासाठी आणि शेतकामासाठी मुलांची गरज भासते म्हणून ती शाळेपासून दूर राहतात, हे स्पष्टपणे नोंदवले होते. आणि त्याच निवेदनात त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाबरोबर शिष्यवृत्त्या आणि बक्षिसांची मागणी केली होती. गोपाळ कृष्ण गोखले यांचे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे १९११ चे विधेयक फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा १ रुपया दंड ठरवला. सक्ती आणि सवलत या दोन्हींचा मेळ घातल्याशिवाय पालकांचा हिशेब बदलत नाही, ही फुल्यांची दृष्टी नंतरच्या अनेक योजनांपेक्षा अधिक नेमकी होती.

ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी आखलेल्या योजना दोन दिशांनी गेल्या. पहिली दिशा साखरशाळांची, म्हणजे कारखान्याच्या तळावर हंगामापुरत्या चालणाऱ्या शाळांची. त्यांत मूल आईबापांजवळ राहत असे, हा मोठा लाभ होता. पण ते तळावर राहिले की वर्ग सुटताच कामालाही जुंपले जाई, आणि शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यानंतर स्थलांतरित मुलांना जवळच्या नियमित शाळेत प्रवेश देण्याचे धोरण येऊन या शाळा बहुतेक मागे पडल्या. दुसरी दिशा हंगामी वसतिगृहांची. मूल गावातच राहते, आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपते आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली त्याला दोन्ही वेळचे जेवण मिळते. पालकांच्या दृष्टीने ही योजना सर्वांत समजण्याजोगी आहे, कारण मुलाला मागे ठेवले तर त्याला खायला कोण घालणार, या त्यांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे. मात्र टोळ्या निघून गेल्यानंतर वसतिगृहाला मंजुरी मिळाली तर तिचा उपयोग राहत नाही. मुकादमाचे वाहन दाराशी उभे असताना कोणतीही आई कागदी आश्वासनावर मूल मागे ठेवणार नाही.

मुलींच्या बाबतीत हिशेब आणखी बिकट आहे. धाकटे मूल अंगावर पिणारे असेल तर ते फडावर जाणारच, आणि त्याला सांभाळायला मोठी बहीण लागते. म्हणून फडाजवळचे पाळणाघर हीच त्या बहिणीसाठी बालमजुरी रोखणारी योजना ठरते, जरी ती सरकारी दप्तरात वेगळ्या खात्याकडे असली तरी. वयात आलेल्या मुलीला गावात मागे ठेवण्याची भीती वाटते आणि उघड्या तळावर नेण्याचीही वाटते, तेव्हा तिचे लग्न लावून देणे हा पालकांना सुरक्षित मार्ग वाटतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षांच्या आत झाले होते, तर राज्याचे प्रमाण २१.९ टक्के होते. या मुलींच्या पालकांना बालविवाहविरोधी कायद्याची माहिती नसते असे म्हणणे धाडसाचे होईल. त्यांना हवे असते ते तिच्या सुरक्षित निवासाचे ठिकाण. २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर केली, ती याच गरजेतून.

उचल वाटली जाते पावसाळ्यात आणि टोळ्या हलतात दसऱ्यानंतर. म्हणजे कोणते कुटुंब जाणार हे गावाला दोन-तीन महिने आधी ठाऊक असते. ज्या गावात मुकादमाकडे कोयत्यांची यादी तयार असते त्याच गावात मुलांची यादी मात्र शाळेकडे नसते. शिक्षक, शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामसभा यांनी ही यादी श्रावणातच करावी, वसतिगृहातील पहिले जेवण टोळी निघण्यापूर्वी आईबापांच्या देखत वाढले जावे, आणि ज्या घरी मागे राहायला आजी-आजोबा नाहीत त्या घरांची वेगळी नोंद करून त्या मुलांच्या निवासाची सोय आधी लावावी.