मेल येईना झालेत, ओ!



बीडच्या बाजारपेठेत माझं संगणक दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. वीस-बावीस वर्षं झाली. सुरुवातीला लोक यायचे ते ‘चालूच होईना’, ‘लई हळू चालतंय’, ‘प्रिंटर कागद ओढीना’ असल्या तक्रारी घेऊन. पुढे त्यात एका वाक्याची भर पडली. आज त्या वाक्याविषयीच बोलणार आहे. ‘मेल येईना झालेत, ओ!’

हा बिघाड इतरांसारखा नाही. पंखा बंद पडला तर उकडतं, नळ गेला तर घागर रिकामी राहते. पत्रं यायची थांबली की काहीच होत नाही. पडदा चालू असतो, जुनी पत्रं जागच्या जागी असतात, आपण लिहिलेलं पत्र जातंसुद्धा. माणसाला वाटतं, कुणी लिहिलंच नसेल. असे चार दिवस जातात, आठ जातात.

२०२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस एका संध्याकाळी असाच फोन आला, अंबाजोगाईहून. बोलणारे काका करसल्लागार, साठी ओलांडलेले. मोंढ्यातल्या पन्नासएक व्यापाऱ्यांची जीएसटीची आणि आयकराची कामं बघतात. त्यांचं सगळं टपाल टेबलावरच्या संगणकातल्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये येतं. मोबाइलवर मेल बघत नाहीत, अक्षर बारीक दिसतं म्हणून.

‘‘अहो भाऊ, दहा-अकरा दिवस झाले, एक मेल नाही. मी म्हणलं, दिवाळी झाली, लोक गावाकडून यायचे असतील. पण आज बँकेतनं फोन आला, तुम्हाला पाठवलेला मेल आमच्याकडं परत आला म्हणून.’’

मी विचारलं, ‘‘काका, तुमच्याकडनं मेल जातात का?’’

‘‘जातात की! म्हणून तर मी निवांत होतो.’’

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मेल पाठवण्याचा रस्ता वेगळा आणि आणण्याचा वेगळा. प्रोग्रॅममध्ये दोन्हींसाठी वेगवेगळे पत्ते लिहिलेले असतात. जायची वाट मोकळी असली म्हणजे यायची वाट मोकळी आहे, असं मुळीच नाही. आणि येणारं पत्र थेट आपल्या टेबलावर येत नाही. ते आधी दूर कुठे तरी असलेल्या सर्व्हरवर, आपल्या नावाच्या पेटीत पडतं. तिथून आपला प्रोग्रॅम ते घेऊन येतो. आणायच्या रीती दोन. जुनी पीओपी. तिचं आज चालणारं रूप १९९६ साली ठरलं. तिच्यात प्रोग्रॅम पेटीतलं पत्र उचलून घरी आणतो. दुसरी आयमॅप. तिच्यात पत्र पेटीतच राहतं, आपण त्याची प्रत बघतो.

त्यामुळे पहिला प्रश्न एकच: पत्र पेटीपर्यंत येतंय का? तो तपासायला प्रोग्रॅम उघडायचीच गरज नाही. इंटरनेटच्या पानावरून थेट पेटी उघडायची आणि दुसऱ्या पत्त्यावरून स्वतःलाच एक ओळ पाठवायची. पेटीत दिसली पण प्रोग्रॅममध्ये आली नाही, तर दोष आपल्या टेबलावर. पेटीतही दिसली नाही, तर टेबलावरचं यंत्र उलटंपालटं करून उपयोग नाही.

काकांना हे सांगितलं. त्यांना पासवर्डची वही सापडेना. प्रोग्रॅमने तो केव्हाच लक्षात ठेवला होता, मग माणूस कशाला ठेवेल? ‘‘तुम्ही याच,’’ ते म्हणाले. जाताजाता मी बजावलं, ‘‘काका, तोवर कुणी सांगितलं तरी खातं काढून पुन्हा टाकू नका.’’

एवढं बजावायचं कारण जुनं आहे. २००९ साली एक निवृत्त गुरुजी दुकानात आले होते. त्यांचंही हेच, मेल येईनात. मी तरुण होतो आणि मला उत्तर आधी माहीत असायचं. म्हटलं, विषाणू शिरला असेल. यंत्र फॉरमॅट केलं, सगळं नव्याने टाकलं. मेल धडाधड यायला लागले. गुरुजी खूश झाले, चहा सांगितला. चहा पिता पिता म्हणाले, ‘‘आता मुलीची पत्रं दाखवा.’’ मुलगी लग्न होऊन अमेरिकेत गेलेली. सहा वर्षं ती आईला पत्रं लिहीत होती, मराठी पण इंग्रजी अक्षरांत. आई वर्षापूर्वी वारली होती. पीओपीची तेव्हाची नेहमीची रीत अशी, की पत्र घरी आणलं की पेटीतून पुसलं जायचं. म्हणजे त्या पत्रांची जगात एकच प्रत होती आणि ती मी तासाभरापूर्वी पुसली होती. गुरुजी काही बोलले नाहीत. पैसे दिले. मी नको म्हटलं तरी दिले.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी करायला लागलो. आधी सगळी पत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची, मगच हात लावायचा. आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या प्रोग्रॅममध्ये ‘सर्व्हरवर प्रत राहू द्या’ या ओळीपुढे टिक करायची. काकांच्या यंत्रातही ती टिक मीच केली होती, २०१२ साली. ही टिक लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने निघालो. मांजरसुंब्याच्या घाटात गाडी थांबली. उसाची ट्रॉली चढावर बसली होती आणि मागे रांग लागली होती. आमच्याकडे नोव्हेंबर लागला की हे चित्र रोजचं. मला हसू आलं, कारण मेलचा एक बिघाड हुबेहूब असाच असतो. पीओपीचा प्रोग्रॅम पत्रं एकामागून एक आणतो. मध्येच कुणी वीस-पंचवीस एमबीचे फोटो जोडून पाठवले आणि लाइन कच्ची असली, तर ते पत्र अर्धं येऊन तुटतं. प्रोग्रॅम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, पुन्हा तिथेच तुटतो. मागची दोन-दोन ओळींची पत्रं त्या ट्रॉलीमागे उभी. फोनच्या तारेवरून इंटरनेट चालायचं त्या काळी, म्हणजे डायलअपच्या दिवसांत, आठवड्याला एक तरी अशी केस यायची. उपाय सोपा असतो: इंटरनेटच्या पानावरून पेटी उघडायची आणि तेवढं एक पत्र बाजूला करायचं.

रांग हलेपर्यंत आणखी एक गंमत आठवली. भारनियमनाच्या वर्षांत माझ्याकडे एक कृषी सेवा केंद्रवाले यायचे. रोज सकाळी त्यांचे मेल बंद. यंत्र दुकानात आणलं, सगळं तपासलं, काही सापडेना. शेवटी लक्ष गेलं ते कोपऱ्यातल्या घड्याळाकडे. तारीख होती कित्येक वर्षांपूर्वीची. यंत्राच्या आत बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो सेल संपला होता, त्यामुळे वीज गेली की यंत्र भूतकाळात जायचं. सर्व्हर आपली ओळख पटवायला जे प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर मुदत लिहिलेली असते. यंत्राला वाटायचं, या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच व्हायची आहे, आणि ते बोलणंच नाकारायचं. शंभर रुपयांच्या आतला सेल बदलला आणि मेल सुरू झाले. तेव्हापासून मी घड्याळ आधी बघतो.

पासवर्डचं मात्र अलीकडे बदललंय. पूर्वी पासवर्ड बरोबर असला की काम भागायचं. ३० मे २०२२ पासून गुगलने साधा पासवर्ड देणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना दार बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने आपल्या हॉटमेल-आउटलुकच्या घरगुती खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केलं. त्यानंतर माझ्याकडे रीघ लागली. लोक शपथेवर सांगायचे, ‘पासवर्ड तोच आहे.’ तो तोच होता, हीच अडचण. नवा प्रोग्रॅम टाकून ओळख त्याच्या पद्धतीने पटवायची, किंवा गुगलच्या बाबतीत दोन पायऱ्यांची तपासणी चालू करून प्रोग्रॅमपुरता वेगळा सोळा अक्षरी पासवर्ड घ्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते माहीत नसलं तर माणूस तोच पासवर्ड दिवसभर टाकत बसतो.

अंबाजोगाईला पोचलो. काकांनी पोह्यांचा आग्रह केला, मी यंत्राकडे गेलो. घड्याळ बरोबर. ‘ऑफलाइन काम करा’ या ओळीवर चुकून टिक पडलेली नव्हती. ती बऱ्याचदा पडलेली असते. पत्रांची मांडणी उलटी होऊन नवी पत्रं तळाशी गेली नव्हती. पासवर्डबद्दलही तक्रार नाही. उलट प्रोग्रॅम शांतपणे सांगत होता, ‘नवीन पत्रं नाहीत.’ तो खोटं बोलत नव्हता.

मग मी पत्रांची फाइल किती मोठी झाली ते बघितलं. अंबाजोगाईकरांना दासोपंतांची पासोडी माहीत आहे. लांबच लांब कापडावर पंतांनी पंचीकरण लिहिलं. मेलचे जुने प्रोग्रॅम अशाच एका पासोडीवर लिहायचे. पेटीतली सगळी पत्रं एकाच फाइलमध्ये, एकाखाली एक. विंडोज एक्सपीबरोबर येणाऱ्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये एका फोल्डरची फाइल २ जीबीच्या पुढे जाऊ शकत नसे. जुन्या आउटलुकलाही २ जीबीचीच मर्यादा होती. ती २००३ च्या आवृत्तीत २० जीबी आणि २०१० च्या आवृत्तीत ५० जीबी झाली. कापड संपलं की नवं पत्र लिहायला जागा नाही. आणि पत्र पुसलं म्हणून कापड लगेच मोकळं होत नाही; फाइल आवळून घ्यावी लागते, त्याला ‘कॉम्पॅक्ट’ म्हणतात. ते चालू असताना यंत्र बंद करू नये, नाहीतर आहे तेही फाटतं. काकांच्या फाइलला मात्र अजून भरपूर जागा होती.

तोवर काकूंनी देवघराच्या फळीवरून पासवर्डची वही शोधून आणली. पेटी थेट उघडली, आणि वरच्या कोपऱ्यात लाल पट्टी दिसली. ५ जीबीची पेटी काठोकाठ भरलेली. काकांचा पत्ता स्वतःच्या नावाचा, वर्षाला पैसे भरून घेतलेला. जागा मोजून मिळालेली. अकरा वर्षांची बिलं, ताळेबंद, स्कॅन केलेली कागदपत्रं, एकूण एक तिथे शाबूत होतं. घरी प्रत आलेली असूनही मूळ तिथेच. प्रत्येक व्यापाऱ्याचं प्रत्येक बिल पेटीत साठवून ठेवलं होतं ते माझ्या टिकेने. (गुगलच्या फुकट पेटीत आणखी एक भानगड असते. तिथले १५ जीबी पत्रं, कागदपत्रं आणि मोबाइलचे फोटो यांच्यात मिळून असतात. नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ आजोबांचं टपाल अडवतो.)

काकांना सांगितलं, ‘‘चूक माझीच आहे.’’ त्यांचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे अकरा दिवसांत जे आले, ते गेले कुठं?’’

भरलेल्या पेटीपाशी आलेलं पत्र लगेच नाहीसं होत नाही. पाठवणाऱ्याचं यंत्र बहुधा चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा येऊन दार वाजवतं. तरी उघडलं नाही की पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. बँकेचं तसंच गेलं होतं. म्हणजे ताजी पत्रं कदाचित मिळतील, आधीची नाहीत. आणि जी पत्रं यंत्रच पाठवतं, त्यांची परतपावती बघायला तिकडे बहुतेक कुणी बसलेलं नसतं.

काका उठले आणि जीएसटीच्या पोर्टलवर एकेका व्यापाऱ्याचं खातं उघडायला लागले. नोटीस मेलवर येते तशी पोर्टलवरही असते, पण पन्नास खाती रोज कोण उघडतो? एकविसाव्या खात्यात सापडली. सरकी-पेंडीचे एक व्यापारी, उन्हाळ्यापासून आजारी. सहा महिन्यांची विवरणपत्रं राहिलेली. नोंदणी रद्द का करू नये, अशी नोटीस २१ नोव्हेंबरची. उत्तराला कामकाजाचे सात दिवस. मध्ये शनिवार-रविवार गेले होते, सोमवारी गुरुनानक जयंतीची सुटी होती. आज बुधवार, २९ तारीख. काकांनी बोटांवर मोजलं. शुक्रवारपर्यंत मुदत होती.

या नोटिशीला एक सुटका आहे. राहिलेली सगळी विवरणपत्रं आणि कर, व्याज, दंड भरला तर प्रकरण तिथेच मिटतं. पण ते सात दिवसांच्या आत. काकांनी व्यापाऱ्याच्या मुलाला फोन लावला. ‘‘वह्या घेऊन ये. आत्ता. जेवण इथंच कर.’’

ते त्या कामाला लागले, मी माझ्या. आधी सगळी पत्रं दोन वेगळ्या डिस्कवर उतरवली. एक त्यांच्या कपाटात, एक त्यांच्या भावाच्या घरी. काही पत्रं उघडून बघितली, खरंच उतरली का म्हणून. मगच पेटीतली २०२२ पर्यंतची जुनी पत्रं काढली. ती टिक पूर्णपणे काढायला हात धजेना. तिच्याखाली आणखी एक ओळ असते, ‘इतक्या दिवसांनंतर सर्व्हरवरून काढा’. तिथे नव्वद लिहिलं.

संध्याकाळी सातच्या सुमाराला पहिलं पत्र आलं. कर्जाची जाहिरात होती. नंतर थांबून थांबून आणखी नऊ आली. त्यात सगळ्यात जुनं शनिवारचं होतं. त्याआधीचं एकही आलं नाही. काकांनी पन्नास नावांची यादी काढली आणि मुलीला सांगितलं, उद्या सकाळी एकेकाला फोन कर, विचार, अठरा तारखेपासून आम्हाला काय काय पाठवलं होतं. व्यापाऱ्याचा मुलगा वह्यांची पिशवी घेऊन आला तेव्हा शेवटच्या एसटीची वेळ झाली होती. मी निघालो. काका मान वर न करता म्हणाले, ‘‘भाऊ, पैसे किती?’’

मी घेतले नाहीत. इथे माझं ऐकलं गेलं.