रजा नामंजूर झाली तो उन्हाळा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून काही भारदस्त बोलावे, अशी कार्यवाहांची अपेक्षा होती. पण आम्ही पडलो कलाशाखेचे साधे पदवीधर. आमचे उभे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात गेले. तेव्हा संस्कृतिसंवर्धनावर व्याख्यान देण्यापेक्षा आमच्या घरातील एका उन्हाळ्याची हकीकत सांगावी, असे आम्ही ठरवले. विषय घरगुती आहे. परंतु ज्यांनी ज्यांनी परमुलखात मुले वाढवली, त्यांना तो परका वाटू नये.

आमचे मूळ गाव वाईजवळचे, कृष्णाकाठचे. भिलाईस बिऱ्हाड केल्यापासून आमचा क्रम ठरलेला असे. शाळेचा निकाल लागला की वळकट्या बांधायच्या, दुर्ग स्थानकावर आझाद हिंद एक्स्प्रेस पकडायची आणि पुण्याचा रस्ता धरायचा. डोंगरगड मागे पडले की बोरतलाव आणि दरेकसा या स्थानकांच्या दरम्यान डोंगर लागतो, बोगदा लागतो. तेथे आम्ही मुलांना खिडकीशी बोलावून मोठ्या अभिमानाने सांगत असू, "चला, आपला मुलूख आला!"

या एका वाक्याने आपण मुलांना काय शिकवीत आहोत, याचा विचार आम्ही कधी केला नाही. बोगद्यापलीकडचा मुलूख जर आपला, तर जेथे वर्षाचे अकरा महिने जातात, तो कोणाचा? गावी गेल्यावर वडीलधारी मंडळी मुलाला विचारीत, "तुझं गाव कोणतं रे?" चिरंजीव म्हणत, "भिलाई." मग सारे हसत. "अरे, ते तुझ्या बाबांच्या नोकरीचं ठिकाण!" पुढच्या वर्षी हाच प्रश्न आला, तेव्हा तो आमच्या तोंडाकडे पाहत गप्प उभा राहिला. आम्हाला ती लाजाळू मुलाची खोड वाटली.

पुढे २००२ सालचा उन्हाळा आला. छत्तीसगढ राज्य होऊन दीड वर्ष झाले होते. कन्या आठ वर्षांची, चिरंजीव पाच वर्षांचे. त्या वर्षी आमची रजा नामंजूर झाली. मुलांना घेऊन एकट्याने जाण्यास सौ. तयार होत्या, परंतु आज नाही तर उद्या रजा मिळेल, या आशेवर आम्हीच दिवस ढकलले आणि गाडीचे आरक्षण हातचे गेले. आईला दूरध्वनी केला. ती म्हणाली, "ये की सवडीनं. आंबं काय, दरसाल येत्यात."

मुले हिरमुसली. भिलाईचा मे महिना आपणांस ठाऊक आहे. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला टेकतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. तेव्हा सौं.नी एक नियम केला. पहाटे पाचला उठायचे, आठाच्या आत घरी परतायचे. आणि संध्याकाळी उन्हे उतरल्यावर पुन्हा बाहेर पडायचे. मधला वेळ वाळ्याच्या पडद्याआड पन्हे, पत्ते आणि झोप.

पहिली स्वारी मैत्री बागेवर. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून १९७२ साली उभारलेली ही बाग मुलांनी पूर्वी पाहिली होती. पण पाहुण्यांसोबत आणि घाईघाईने. आता पांढऱ्या वाघासमोर अर्धा-अर्धा तास उभे राहण्यास कोणाची आडकाठी नव्हती. कन्येने वाघाच्या अंगावरचे पट्टे मोजण्याचा चंग बांधला आणि वाघाने प्रत्येक वेळी कूस बदलून तिचा हिशेब चुकवला.

एके सकाळी बाजारात एक बाई पानाच्या द्रोणांत काळसर जांभळी फळे घेऊन बसली होती. येथे त्यांना 'चार' म्हणतात. मुलांनी फळे चोखून खाल्ली आणि बिया खिशात भरून आणल्या. सौं.नी त्यातली एक बी फोडून आतला दाणा मुलांच्या हातावर ठेवला. ती आपली चारोळी! वाईच्या घरी श्रीखंडावर पेरली जाणारी चारोळी येथील रानांतून वेचली जाते, हे मुलांना त्या दिवशी कळले. खरे सांगायचे तर आम्हालाही त्याच दिवशी कळले.

अक्षय्य तृतीयेला आपण पितरांच्या नावे पाण्याची घागर देतो. येथे त्या दिवशी 'अक्ती' असते आणि मुले मातीच्या पुतरा-पुतरींची लग्ने लावतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी अशी एक जोडी आणून दिली. लग्न आमच्या ओसरीवर लागले. मंगलाष्टके कन्येने म्हटली, वऱ्हाडी शेजारच्या आंध्र, मल्याळी आणि बंगाली घरांतले होते आणि जेवणावळीला पोहे होते. नवरा कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, ही चौकशी करण्याचे कोणालाही सुचले नाही.

एका रविवारी एसटीने बालोदजवळच्या तांदुला धरणावर गेलो. नळाला येणारे पाणी येते कोठून, असा चिरंजीवांचा प्रश्न होता. ब्रिटिश अमदानीत शेतीसाठी बांधलेल्या या धरणाचे पाणी कालव्याने मरोद्याच्या तलावात येते आणि तेथून कारखान्याला व वसाहतीला मिळते, हे त्याला बांधावर उभे राहून दाखवले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे, चुनखडी नंदिनीची आणि पाणी तांदुल्याचे, अशी सगळी जमवाजमव होऊन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, हेही सांगितले. त्या रात्री गच्चीवर अंथरुणे घातली असता कारखान्याच्या बाजूचे आकाश तांबूस झाले. तेव्हा चिरंजीव पाठ केल्यासारखे म्हणाले, "राजहऱ्याचा दगड वितळतोय."

आता मुख्य प्रसंग. जूनच्या आरंभी आम्ही भल्या पहाटे शिवनाथ नदीवर गेलो. पात्रात घोट्याएवढे पाणी, बाकी सारी वाळू. मुले किल्ले बांधत होती. आम्ही वर्तमानपत्र उघडले, सौ. शिदोरी सोडत होत्या. मान वर केली, तो किल्ल्यापाशी एकटी कन्या. चिरंजीव नाहीत! घोट्याएवढे दिसणारे पाणी डोहापाशी किती खोल असेल, हे त्या क्षणी मनात आले आणि पायांतले बळ गेले. आम्ही हाका मारीत काठाने धावलो. ती पंधरा-वीस मिनिटे आयुष्यात कशाशीही तोलता येणार नाहीत.

वळणापलीकडे एका झाडाखाली एक म्हातारी केवटीण जाळे सांधत बसली होती. तिच्या पुढ्यात आमचे चिरंजीव मांडी घालून बासी खात होते. रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, सोबत कांदा आणि मीठ. घरी साध्या भातावरून रुसणारा मुलगा बोटे चाटीत होता. जाळे पाहण्याच्या नादात तो तेथवर गेला होता. आम्ही धापा टाकीत पोहोचलो. म्हातारीने आमच्याकडे पाहून शांतपणे विचारले, "तोर लइका ए?" मग तिने सांगितले ते असे. पोर एकटे दिसले, तसे तिने त्याला पाण्यापासून आत आणून बसवले आणि विचारले, "कोन गाँव के हस, बाबू?" त्याने एका दमात सांगितले, "भिलाई." म्हातारी हसली नाही. "बने गाँव हे," एवढेच म्हणाली आणि त्याच्यापुढे ताटली ठेवली.

आम्ही पैसे देऊ केले. तिने घेतले नाहीत. घरी येताना चिरंजीवांनी विचारले, "बाबा, आज मी बरोबर सांगितलं ना?" त्याला उत्तर देण्यास आम्हाला शब्द सापडेना. आपल्या पोराला आपणच बेवारस केले होते आणि एका अनोळखी म्हातारीने त्याला गाव दिले, ही जाणीव तेव्हा प्रथम झाली.

मित्रहो, ही हकीकत येथेच थांबवली असती तर ती गोड झाली असती. पण ती तशी नाही. त्याच वर्षी दिवाळीपूर्वी आमची आई गेली. आंबे दरसाल येतात, हे तिचे म्हणणे खरे होते. पण ती राहिली नाही. मुलांना तिच्या हातचा शेवटचा उन्हाळा मिळाला नाही, याला नामंजूर रजेइतकीच आमची चालढकल कारणीभूत होती. ही रुखरुख आजही आहे. म्हणून गावी जाऊ नका, असे आम्ही चुकूनही म्हणणार नाही. जा, अवश्य जा, आणि आजच्या आज आरक्षण करा. मात्र बोगद्यापाशी "आपला मुलूख आला" म्हणताना "दुसराही" हा शब्द त्यात घाला.

एक गाव दिल्याने दुसरे हिरावले जात नाही. पेंडऱ्याहून १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे मराठी मातृभाषेचेच. त्यांनी टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. या मातीत रुजले म्हणून ते मराठीला अंतरले नाहीत. आमच्या मुलांचेही तसेच झाले. त्या उन्हाळ्यात वाळू, डोह, भोवरा, सावली, पालवी हे शब्द त्यांना पुस्तकातून शिकवावे लागले नाहीत. ती वस्तू समोर होती आणि तिचे नाव आईच्या तोंडी होते. आज कन्या नोकरीनिमित्त पुण्यात असते. तिच्या बोलण्यातल्या हिंदी वळणावर तेथे कोणी हसले, तर ती बिनदिक्कत सांगते, "मी भिलाईची." आणि दर मे महिन्यात आम्हाला दूरध्वनीवर विचारते, "चार आले का बाजारात?"

जाता जाता मंडळापुढे एक सूचना ठेवतो. गणेशोत्सव, कोजागरी, नाट्यप्रयोग हे सारे व्हावेच. पण पुढील पन्नास वर्षांच्या आरंभी आणखी एक पायंडा पाडावा. दर उन्हाळ्यात एका पहाटे मंडळाच्या सर्व बालगोपाळांना नदीकाठी न्यावे. भाषणे नकोत, स्पर्धा नकोत. त्यांच्याशी मराठीत बोलावे, काठावरच्या माणसांशी त्यांना छत्तीसगढीत बोलू द्यावे, आणि मोठ्यांनी वर्तमानपत्र घरी ठेवून यावे. ही शेवटची अट अनुभवातून घातली आहे.

 आता आपली रजा घेतो. ही तरी नामंजूर होऊ नये, एवढीच विनंती.